अमिबा निघाला, पण कोणता?

सत्तर-ऐंशीच्या दशकात पुण्याच्या पेठांमध्ये ‘अमिबा निघालाय’ हे वाक्य ‘सर्दी झालीय’ इतक्याच सहजपणे बोललं जायचं. पोट बिघडलं, आव पडू लागली, की फॅमिली डॉक्टर चिठ्ठी लिहून द्यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातलं कोणीतरी कागदात गुंडाळलेली डबी घेऊन, ओळखीचं कोणी भेटू नये अशा बेताने, लॅब गाठायचं. संध्याकाळी हातात रिपोर्ट पडायचा : ‘सिस्ट्स ऑफ ई. हिस्टोलिटिका सीन.’ मग मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या, दिवसभर तोंडात धातूची चव, मऊ भात, ताक आणि पाणीपुरीवर बंदी. काही महिने बरे जायचे आणि पुन्हा तेच. ‘मला जुना अमिबा आहे’ असं सांगत आख्खा जन्म काढलेली माणसं प्रत्येक वाड्यात एक-दोन तरी असायचीच.

त्या रिपोर्टातल्या ‘सिस्ट’ला आधार होता, ‘हिस्टोलिटिका’ला नव्हता. काच बघणाऱ्या तंत्रज्ञाचा यात काही दोष नाही. सलाइनच्या थेंबात नमुना कालवायचा, शेजारी आयोडिनच्या थेंबात दुसरा, वर कव्हरस्लिप. गोल सिस्ट दिसली, आत चार केंद्रकं मोजता आली, व्यास दहा ते पंधरा मायक्रॉन भरला, की पुस्तकाप्रमाणे ती हिस्टोलिटिका. आठ केंद्रकं असली तर एंटामीबा कोलाय, म्हणजे निरुपद्रवी. इतपत ओळख जमायला हात आणि डोळा दोन्ही तयार लागत. पण अगदी तशाच चार केंद्रकांचा, त्याच मापाचा आणि कोणालाही आजारी न पाडणारा आणखी एक अमिबा आतड्यात राहतो. त्या दोघांमधला फरक जगातला कुठलाच सूक्ष्मदर्शक दाखवू शकत नव्हता.

ही गफलत समजायला शंभराहून अधिक वर्षं लागली आणि तिची सुरुवात भारतातच झाली. पटकीचा अभ्यास करायला आलेले लष्करी डॉक्टर टिमथी ल्युइस यांना १८७० मध्ये कलकत्त्यात रुग्णांच्या मळात अमिबा दिसले. त्यांनी ते नोंदवले आणि पुढे गेले. १८७५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या फेडर लोश यांनी आव पडणाऱ्या एका शेतकऱ्याच्या मळातले अमिबा कुत्र्याच्या आतड्यात सोडले, कुत्र्याला आव झाली, तरीही अमिबा हेच रोगाचं मूळ असं म्हणायला ते धजले नाहीत. ‘हिस्टोलिटिका’, म्हणजे ऊती विरघळवणारा, हे नाव फ्रिट्झ शाउडिन यांनी १९०३ मध्ये दिलं.

यानंतरचा प्रयोग आज कुठलीही नीतिसमिती मंजूर करणार नाही. मनिलाच्या बिलिबिड तुरुंगात वॉकर आणि सेलार्ड्स या दोघांनी कैद्यांना अमिबाच्या सिस्ट खायला घातल्या. १९१३ च्या त्यांच्या निबंधाप्रमाणे हिस्टोलिटिका दिलेल्या २० जणांपैकी १८ जणांच्या पोटात ती रुजली, पण आव झाली फक्त चौघांना. उरलेल्या चौदा जणांचं काय? ‘ते वाहक’ असं उत्तर तेव्हा निघालं आणि पुस्तकात बसलं. त्याच सुमारास, १९१२ मध्ये, कलकत्त्याच्या लेनर्ड रॉजर्स यांनी एमेटिनच्या इंजेक्शनने आव आटोक्यात आणता येते हे दाखवलं. औषध हाताशी आल्यावर नावाचा काथ्याकूट करण्यात कोणाला रस उरला नाही.

एक माणूस मात्र अडून बसला. पॅरिसचे एमिल ब्रम्प्ट. १९२५ मध्ये त्यांनी सरळ सांगितलं, की हे दोन वेगळे जीव आहेत. एक रोग करतो, दुसरा नाही, आणि दोघे दिसतात सारखे. निरुपद्रवी जिवाला त्यांनी नाव दिलं ‘एंटामीबा डिस्पार’. त्या काळच्या बहुतेक तज्ज्ञांनी हे उडवून लावलं. डोळ्यांनी न दिसणारा फरक मानायचा कसा, हा त्यांचा सवाल त्या काळाला धरूनच होता. ब्रम्प्ट १९५१ मध्ये वारले, तेव्हाही ते या वादात जवळजवळ एकटेच होते.

पुढची अर्धी लढाई प्रथिनांनी जिंकली. १९७८ मध्ये लंडनच्या सार्जंट आणि विल्यम्स यांनी अमिबा बाटलीत वाढवून त्यांची विकरं जेलवर धाववली. आजारी माणसांच्या अमिबांचे पट्टे एका तऱ्हेचे आले, धडधाकट माणसांच्या बहुतेक अमिबांचे दुसऱ्या. पण ही पद्धत फार वेळखाऊ, आणि बाटलीत अमिबा जगवणं म्हणजे कसरतच. खरा निकाल लागला डीएनएवर. त्यात दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या सुधा आणि आलोक भट्टाचार्य यांचा वाटा आहे, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. अमेरिकेच्या लुई डायमंड यांच्यासोबत त्यांनी १९८८ मध्ये वेगवेगळ्या अमिबांच्या डीएनएमधल्या पुनःपुन्हा येणाऱ्या तुकड्यांची तुलना छापली. पाठोपाठ इतर प्रयोगशाळांतूनही पुरावे आले. १९९३ मध्ये डायमंड आणि ग्रॅहम क्लार्क यांनी दोन्ही जाती रीतसर वेगळ्या केल्या. ब्रम्प्ट यांनी दिलेलं नाव ६८ वर्षांनी परत आलं.

जानेवारी १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मेक्सिको सिटीत तज्ज्ञांची बैठक घेतली. तिथलं गणित डोळे उघडणारं होतं. जगात सुमारे ५० कोटी लोकांच्या पोटात हिस्टोलिटिका आहे असं तोवर मानलं जाई. त्यातले साधारण नव्वद टक्के डिस्पारचे वाहक असावेत, असा आता अंदाज निघाला. बैठकीची सूचना स्पष्ट होती : नुसत्या सूक्ष्मदर्शकाच्या आधारे लिहायचं तर ‘हिस्टोलिटिका/डिस्पार’ असं जोडनाव लिहा, आणि ज्याला त्रास नाही त्याला केवळ सिस्ट दिसल्या म्हणून औषध देऊ नका. पुण्याच्या वाड्यातला तो ‘जुना अमिबा’ बहुधा डिस्पारच असणार. त्यात आणखी एक गोम आहे. मेट्रोनिडॅझोल आतड्याच्या भिंतीत शिरलेल्या अमिबावर नामी चालतं, पोकळीतल्या सिस्टवर मात्र ते कमजोर. म्हणजे नसलेल्या रोगावर न लागू पडणारं औषध, आणि काही महिन्यांनी पुन्हा तोच रिपोर्ट.

मग रोज वापरता येईल अशी नावाची परीक्षा हवी होती. तिचं यंत्र एव्हाना तयार होतं. कॅरी मलिस यांना पीसीआरची कल्पना १९८३ मध्ये सुचली आणि नोबेल मिळालं १९९३ मध्ये, म्हणजे अमिबाची फाळणी झाली त्याच वर्षी. डीएनएचा नेमका तुकडा पकडायचा, त्याच्या तासा-दोन तासांत कोट्यवधी प्रती काढायच्या. रक्तावर हे लवकर जमलं, मळावर नाही. का, ते प्रयोगशाळेत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पित्तातले क्षार आणि भाजी-भाकरीतल्या वनस्पतींच्या गुंतागुंतीच्या शर्करा प्रती काढणाऱ्या विकराला बंद पाडतात. नमुन्यात परजीवी खच्चून भरलेला असतो आणि उत्तर येतं ‘निगेटिव्ह’. दुसरी अडचण सिस्टच्या भिंतीची. ती पोटातल्या आम्लाला दाद देत नाही, मग साध्या रसायनाला कुठली देणार? काचेचे बारीक मणी घालून नळी गदगदा हलवावी लागते, किंवा नमुना गोठवून-वितळवून भिंत फोडावी लागते. तिसरी अडचण साठवणीची. वैद्यकीय महाविद्यालयांच्या कपाटात नमुने राहत फॉर्मालिनमध्ये. आकार टिकवायला ते उत्तम, पण त्यात डीएनएचे तुकडे पडतात, आणि वर्षानुवर्षं जपलेल्या बरण्या या कामाला जवळजवळ निकामी ठरतात. अल्कोहोल किंवा बर्फ, हा त्यावरचा इलाज. नेदरलंड्सच्या लायडेनमध्ये याको वर्वाय यांच्या गटाने २००४ मध्ये हिस्टोलिटिका, जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे तिन्ही परजीवी एकाच नळीत एकदम ओळखणारी रिअल-टाइम पीसीआर प्रसिद्ध केली. त्यानंतर ही परीक्षा दवाखान्याच्या आवाक्यात आल्यासारखी वाटू लागली.

पुण्यात ही विद्या वेगळ्याच दाराने शिरली. गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात १९८६ मध्ये प्राण्यांच्या पेशी जतन करण्यासाठी एक राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. पुढे तेच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र झालं, पुणेकरांचं एनसीसीएस. तिथे योगेश शौचे आणि मिलिंद पाटोळे यांचं काम सुरू होतं डासांच्या पोटावर! क्युलेक्स डासाच्या आतड्यातून त्यांच्या गटाने २००२ मध्ये एरोमोनास वंशातल्या एका जिवाणूची नोंद केली आणि डासाच्या नावावरून त्याला ‘क्युलिसिकोला’ म्हटलं. ओळख पटवायचं साधन होतं रायबोसोमचं जनुक. प्रत्येक जिवात ते असतं, थोड्याथोड्या फरकाने असतं, आणि दारावरच्या पाटीसारखं वाचता येतं. या पाटीत पुणेरी खवचटपणा नाही, एवढाच काय तो फरक.

डासाच्या पोटातून माणसाच्या पोटात यायला फार वेळ लागला नाही. २०१२ मध्ये एनसीसीएस आणि आघारकर संशोधन संस्था यांच्या संशोधकांनी दोन एकत्र कुटुंबांचा अभ्यास छापला. एका छपराखाली राहणाऱ्या तीन पिढ्या, एकच स्वयंपाकघर, तरी आजोबा आणि नातवाच्या आतड्यातल्या जिवाणूंची मांडणी वेगळी. पाश्चात्त्य देशांत असा नमुना गोळा करायचा तर आधी तीन पिढ्यांना एका घरात आणावं लागेल. आपल्या घरांतली गर्दीच इथे कामाला आली, आणि मला या अभ्यासाचं तेच जास्त कौतुक वाटतं.

आता पुन्हा ब्रम्प्ट. १९१२ मध्ये, डिस्पारच्या कितीतरी आधी, त्यांनी माणसाच्या मळातल्या आणखी एका गोल जिवाला नाव दिलं होतं : ब्लास्टोसिस्टिस होमिनिस. मध्यभागी प्रचंड मोठी पोकळी आणि कडेला दाबून बसलेली केंद्रकं असं त्याचं रूप. ब्रम्प्ट यांना तो यीस्ट वाटला आणि पुढची पन्नास-पंचावन्न वर्षं सगळ्यांना वाटत राहिला. १९६७ मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स झिर्ड यांनी तो यीस्ट नसून एकपेशीय परजीवी असल्याचं मांडलं. १९९६ मध्ये रायबोसोमच्या जनुकाने त्याची खरी भावकी उघड केली. समुद्रातलं तपकिरी शेवाळ आणि बटाट्यावर करपा आणणारा जीव हे त्याचे चुलत नातेवाईक. माणसाच्या पोटात वस्ती करणारा हा शेवाळाचा भाऊबंद जगातल्या अब्जभर लोकांच्या आतड्यात तरी असावा असा अंदाज केला जातो. रिपोर्टात तो आला, की डॉक्टरही बुचकळ्यात पडतात. औषध द्यायचं की सोडून द्यायचं?

इथेही दिसतं तसं नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली एकच दिसणारा ब्लास्टोसिस्टिस जनुकांच्या पातळीवर अनेक वेगवेगळे जीव आहे. २००६ मध्ये लंडनमध्ये क्लार्क यांच्या प्रयोगशाळेने, होय, डिस्पार वेगळा करणाऱ्या त्याच क्लार्कनी, रायबोसोमच्या जनुकाचा सुमारे ६०० अक्षरांचा तुकडा वाचून त्याचा प्रकार ओळखायची पद्धत दिली. तोवर प्रत्येक देशातला गट आपापली क्रमवारी वापरत असे आणि एकाचा ‘प्रकार ३’ हा दुसऱ्याचा ‘प्रकार १’ निघे. २००७ मध्ये कोपनहेगनच्या स्टेटन्स सीरम इन्स्टिट्यूटचे रुने स्टेन्सवोल्ड आणि सहकाऱ्यांनी हा गोंधळ मिटवून एकच यादी पक्की केली. तेव्हा त्यात नऊ उपप्रकार होते, नंतर ती वाढत गेली.

त्या यादीत भारताचा रकाना बराचसा कोरा होता. जे थोडे नमुने होते ते दवाखान्यातले, म्हणजे आधीच पोट दुखणाऱ्यांचे. दवाखान्यात शोधलं की जीव दवाखान्यातच सापडणार आणि मग तोच दोषी ठरणार. अमिबाच्या बाबतीत शंभर वर्षं हेच झालं. पुण्यातल्या गटाने म्हणून उलटीकडून सुरुवात केली आणि निरोगी माणसांचे नमुने घेतले. या कामात एनसीसीएसचे शौचे-पाटोळे आणि त्यांचे तरुण सहकारी होते, रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे बालरोगतज्ज्ञ आशिष बावडेकर होते आणि कोपनहेगनहून स्टेन्सवोल्ड होते. निबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

काम दोन वाटांनी केलेलं होतं. एक जुनी वाट : रक्तद्रव घातलेल्या माध्यमात नमुन्याचा कण सोडायचा, ३७ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवायचा आणि वाढलेली गोल पेशी काचेवर बघायची. दुसरी नवी : नमुन्यातून थेट डीएनए काढायचा, पीसीआर करायची, जेलवर पट्टा आला की तो तुकडा अक्षर अक्षर वाचायचा. एरवी लॅबमध्ये निरोगी माणसाचा नमुना मागायला गेलं, की लोक संशयाने बघतात. आजारी माणूस डबी आणून देतो, धडधाकट माणसाला ती का द्यायची हे समजावून सांगावं लागतं. शोधनिबंधाच्या ‘पद्धती’ या मथळ्याखाली ही मनधरणी कधीच छापली जात नाही.

निष्पन्न काय झालं? ज्यांना पोटाची कसलीही तक्रार नव्हती अशा माणसांमध्येही ब्लास्टोसिस्टिस आरामात नांदत होता, आणि त्यात उपप्रकार १ आणि ३ दिसले. त्याआधी, २०१३ मध्ये, डेन्मार्कच्या एका अभ्यासात उलट बाजूने तेच दिसलं होतं. आतड्याला सूज येऊन व्रण पडलेल्या रुग्णांमध्ये ब्लास्टोसिस्टिस निरोगी माणसांपेक्षा कमी होता. ज्याला चोर समजून पकडायला निघालो तो आजाऱ्यांच्या घरी फारसा फिरकतच नव्हता.

आतड्यातल्या मोठ्या किड्यांची, म्हणजे गोल जंत आणि अंकुशकृमींची गोष्ट याहून सरळ आहे. ते नकोच असतात, याबद्दल वाद नाही. २०१५ पासून दर १० फेब्रुवारीला शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडॅझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला देतात, एक-दोन वर्षांच्या मुलांना अर्धी. तिथे पीसीआरचं काम औषधोपचाराचं नाही. जंतांचं प्रमाण कमी झाल्यावर काचेवर अंडी दिसेनाशी होतात, आणि खरंच गेले की नुसते विरळ झाले हे ठरवायला ती लागते.

२०२० मध्ये पीसीआर हा शब्द घराघरांत पोचला, तोही पुण्यातूनच. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत कोरोनाचे देशातले पहिले नमुने तपासले गेले. मायलॅब या पुण्याच्या कंपनीच्या चाचणी-संचाला मार्चमध्ये परवानगी मिळाली. तो तयार करणाऱ्या गटाच्या प्रमुख मिनल दाखवे-भोसले यांनी तो तपासणीला सोपवला आणि दुसऱ्या दिवशी त्या बाळंत झाल्या. जिल्ह्याजिल्ह्यांत यंत्रं आली, ती चालवणारे हात तयार झाले. पाच वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत गिअँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले. पाय लुळे पडलेल्या रुग्णांच्या मळाचे नमुने याच विषाणू संस्थेत गेले, आणि काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू, काहींत नोरोव्हायरस निघाला. संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले. महापालिकेने विहिरींच्या पाण्यात क्लोरीन वाढवलं आणि त्या पट्ट्यातल्या खासगी आरओ प्रकल्पांना टाळी ठोकली. मळाच्या नमुन्यातलं नाव अचूक आणि वेळेत कळलं, की पाण्याकडे बोट दाखवता येतं.

आज मोठ्या रुग्णालयांत एकाच कार्ट्रिजमध्ये २२ रोगजंतू तपासणारी अमेरिकी चाचणी मिळते. परजीवी त्यात चारच : हिस्टोलिटिका, जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम आणि सायक्लोस्पोरा. ब्लास्टोसिस्टिस त्यात नाही, डिस्पारही नाही, आणि हे मला शहाणपणाचं वाटतं. किंमत मात्र हजारो रुपयांत. त्यामुळे कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये अजूनही सलाइन, आयोडिन आणि कव्हरस्लिपच आहे, आणि ‘ब्लास्टोसिस्टिस सीन’ वाचून मेट्रोनिडॅझोल लिहून देणारेही आहेत.

२०२४ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात ३२ देशांतल्या सुमारे ५७ हजार लोकांच्या आतड्यातल्या डीएनएचा आढावा आला. ज्यांच्या पोटात ब्लास्टोसिस्टिस होता त्यांचा आहार सरासरीने चांगला, वजन आटोक्यात आणि हृदयविकाराशी निगडित मोजमापंही बरी होती. तो असल्यामुळे माणूस निरोगी राहतो, की निरोगी खाणाऱ्याकडे तो राहायला येतो, हे एवढ्यावरून सांगता येत नाही. ते कळायला तीच माणसं वर्षानुवर्षं गाठावी लागतील. पुण्याजवळ वढू बुद्रुकच्या परिसरातल्या २२ गावांत केईएमने २००२ पासून घरोघरच्या जन्म-मृत्यू-आजारांच्या नोंदी ठेवल्या आहेत. गावांशेजारी कारखाने उभे राहिले, ज्वारीची भाकरी मागे पडली, साखरेचे रुग्ण वाढले. कुणाच्या पोटातला ब्लास्टोसिस्टिस टिकला आणि कुणाचा गेला, हे पाहायला याहून चांगल्या जागा देशात फार थोड्या असतील.